चावीवाल्याच्या वह्या : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

गावचं जुनं घर पाडायला आजपासून सुरुवात. माळ्यावरून आबांची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. कुलूप गंजून बसलेलं, दादानं पहार घालून उचकटलं. आतला ऐवज: लांब दांड्याचा हातोडा, वीतभर लांबीची एक लोखंडी पाचर, बूटपॉलिशच्या डबीएवढी चपटी डबी (तिला शिशाच्या दोन पट्ट्या), पास ठेवायचा रेक्झिनचा बटवा, आणि सुतळीनं बांधलेल्या सहा वह्या.

आबा रेल्वेत चावीवाला होते. दौंड-मनमाड लाइनवर, नगर सोडून मनमाडकडं निघालं की लागणाऱ्या एका लहानशा स्टेशनाजवळ त्यांचं बीट, म्हणजे रोज चालून तपासायचा लाइनीचा तुकडा. दुसरीत असताना मी वर्गात सांगितलं होतं की माझ्या आजोबांकडं रेल्वेची चावी आहे, सकाळी ते कुलूप काढतात आणि मग गाड्या सुटतात. बाईंनी ते विनातक्रार मान्य केलं होतं. चावी म्हणजे नक्की काय हे मला पुढं किती वर्षांनी कळलं ते सांगत नाही, लाज वाटते.

दादाची कल्पना अशी: नव्या घराच्या बैठकीत काचेची पेटी करून त्यात आबांचं सगळं मांडायचं. वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला. काम माझ्या गळ्यात, कारण मी भोसरीत कंपनीत क्वालिटीला आहे आणि 'गंज, मापं, नोंदी हे तुझंच खातं'. साडेतीन महिने आहेत. रविवारी रविवारी बसले तरी पुरावेत.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ वाटून आले आणि डबी उघडायला बसले. नेलकटर लावणार, तेवढ्यात आठवलं की शिशाच्या पट्ट्यांची डबी म्हणजे रेल्वेचा फटाका. रुळावर ठेवून पट्ट्या रुळाच्या डोक्याखाली वळवायच्या. चाक गेलं की धडाम् होतं आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. म्हणजे आत दारू. हातातली डबी इतक्या हळू खाली ठेवली की आईला वाटलं मला चक्कर आली.

गच्चीवर वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली आणि मुकादमबाबांना फोन लावला. हे आबांच्या गँगमध्ये १९७० साली गँगमन म्हणून लागले, मुकादम होऊन रिटायर झाले, आता श्रीरामपूरला मुलाकडं असतात. वय पंचाहत्तर, आवाज लाइनीवरचा.

"पत्रा फाटलाय का बघ."

फाटलाय. चपटाही झालाय.

"मग वाजलेला हाय तो. ठिव शोकेसमधी."

वाजलेला फटाका आबांनी जपून का ठेवला असेल, हे विचारायचं राहिलं.

२६ जानेवारी, रविवार

हातोडा. डोकं वजनाला पावणेदोन किलो भरलं. माझी पहिली चूक: व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवलं. गंज गेला, पण त्याबरोबर एका बाजूचा तो जुना काळपट तुकतुकीत थरही गेला, आणि तिथं लोखंड आजारी माणसासारखं फिकट दिसायला लागलं. दुसऱ्या बाजूला शहाणी झाले: रॉकेलचा बोळा, तारेचा ब्रश, आणि वेळ. ठोकायचा तोंडवळा अजिबात घासला नाही. तो कडेनं फुलासारखा उमललाय, मधे खळगा पडलाय. कामावर असा हातोडा आला असता तर लाल टॅग लावून बाद केला असता.

दांडा बाभळीचा. त्यावर एके ठिकाणी बोटाएवढी उथळ खोबण आहे. आधी वाटलं वाळवी. मग हातात धरला तेव्हा माझा अंगठा तिथं आपोआप बसला. बसला म्हणजे, अर्धाच. आबांचा अंगठा बराच रुंद होता. दांड्याला जवसाचं तेल दिलं. उद्या परत एक हात.

(हातोडा ही सरकारी वस्तू. तो घरी कसा आला यावर आत्या म्हणते, "बाद झालेला होता." एवढंच म्हणते.)

२ फेब्रुवारी, रविवार

वह्यांना हात घातला. १९६९ ते १९८३. आबा १९४८ ला जी.आय.पी. रेल्वेत गँगमन म्हणून लागले. १९५१ ला तिचीच मध्य रेल्वे झाली. चावीवाला ते १९६९ पासून, आणि वही त्याच दिवसापासून. १९८४ ला रिटायर. मधली १९७६ ते ७८ ची वही मिळत नाही.

शिक्षण चौथी. अक्षर सुटं सुटं, खडीच्या ढिगासारखं. रोज एक ओळ. ऑफिसची वही वेगळी असायची, ही त्यांची स्वतःची. नमुना:

"चा. ७. बो. २. ४२/११."

"चा. ५. को. १. चि. ४३/७."

"चा. ४. सां. बंद ३."

४२/११ म्हणजे बेचाळिसावा किलोमीटर, अकरावा खांब, एवढं लगेच कळलं. चा. म्हणजे चाव्या, बो. म्हणजे बोल्ट. चि. फक्त पावसाळ्यात येतं, म्हणजे चिखल. 'को.' ला मी कोळसा धरलं होतं, कारण इंजिनातून पडलेला कोळसा आजी वेचायला जायची असं ऐकलेलं.

एक्सेलमध्ये रकाने केलेत. तारीख, चावी, बोल्ट, को., चिखल, सांधा, माल. हा शेवटचा 'माल' यासाठी की अधूनमधून 'मा.' येतं, आणि एके ठिकाणी स्पष्ट 'मा. थांबली' आहे. मालगाडी.

आज १९७० पर्यंत भरून झालं. डोळे चुरचुरतायत.

९ फेब्रुवारी, रविवार

'मा. थांबली' ची ओळ पूर्ण उतरवते, कारण आमच्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट तिच्यात आहे.

"११-१-७२. ४१/३ रूळ तडा. फ. ४. झेंडी. मा. थांबली. मास्तरला कळवलं. जॉगल लावून सोडली. चा. ६."

घरातली गोष्ट अशी: कडाक्याच्या थंडीची पहाट. रूळ तुटलेला. समोरून भरधाव मेल. आबांनी डोक्याचा लाल फेटा सोडून फडकवला, मेल चार हात अलीकडं थांबली, पाचशे माणसं वाचली. लग्नकार्यात दादा ही गोष्ट सांगतो तेव्हा शेवटी साहेब गाडीतून उतरून आबांना मिठी मारतो.

वहीत मेल नाही, फेटा नाही, साहेबही नाही. फेटा नसणारच. आबा जन्मभर पांढरी टोपी घालत. लाल झेंडी त्यांच्याजवळ रोजच असायची, फेट्याची गरज काय? थंडीचं मात्र खरं. थंडीत पोलाद आकसतं, रूळ ताणला जातो, आणि आत कुठं दोष असला तर पहाटेच्या गारठ्यात तिथंच तडकतो.

'फ. ४' हेच या ओळीतलं खरं काम. नियम असा: तुटलेल्या जागी लाल झेंडी रोवायची, मग गाडी ज्या बाजूनं आधी येणार त्या बाजूला झेंडी दाखवत पळायचं. ६०० मीटरवर एक फटाका. १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं. एकेरी लाइन, त्यामुळं गाडी कुठूनही येऊ शकते. आधी कुठली बाजू धरायची हे वेळापत्रक डोक्यात असेल त्यालाच कळणार. मोठ्या खडीवरून सव्वा किलोमीटर पळणं म्हणजे काय ते खडीवर चालून बघितलेल्यालाच विचारा. आबा तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढं होते. मग तडा गेलेल्या जागी जॉगल प्लेट, म्हणजे मधे बाक दिलेली पट्टी, दोन्ही बाजूंनी शिकंज्यानं आवळायची आणि गाडी बैलगाडीच्या वेगानं पुढं काढायची.

आणि एवढं सगळं झाल्यावर उरलेलं बीट करून सहा ढिल्या चाव्या ठोकल्या.

ट्रंकेतला फटाका यातलाच असावा. दादाला फोन केला. मेल नव्हती, मालगाडी होती. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मालगाडीत काय माणसं नसतात होय?" हे बिनतोड. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड.

१६ फेब्रुवारी, रविवार

श्रीरामपूर. मुकादमबाबांकडं दोन तास. सुनेनं पोहे केले. मी ट्रंकेतली लोखंडी पाचर टेबलावर ठेवली तशी त्यांनी ती उचलली आणि बोलणं संपेपर्यंत खाली ठेवली नाही.

ही चावी. कुलपाची नाही, पाचरीची चावी. तेव्हा या लाइनीवर बिडाचे स्लीपर होते, सी.एस.टी.-९ जातीचे: दोन रुळांखाली बिडाच्या दोन प्लेटा, मधे त्यांना जोडणारी लोखंडी पट्टी, आणि पट्टी निसटू नये म्हणून कॉटर. ('को.' चा उलगडा. कोळसा गेला.) रूळ प्लेटेच्या जबड्यात बसवायचा आणि बाजूनं ही चावी ठोकून घट्ट करायचा. गाडी गेली की सगळं हादरतं, चावी कणाकणानं मागं सरते. चावीवाल्यानं रोज जाऊन ती परत आत घालायची.

"एकेरी लाइन, गाड्या दोन्हीकडनं. म्हणून चाव्या बी एक इकडनं मारायची, एक तिकडनं. सगळ्या एकाच अंगानं मारल्या तर एकाच अंगाला निघून येत्याल."

ढिली आहे हे कळायचं कसं? त्यांनी चावी टेबलाच्या कडेला दाबून धरली आणि चमच्यानं वाजवली. टण्. मग पकड सोडून वाजवली. खळ्. "बस. कान पाह्यजे. तुझा आबा बोलत नसायचा का, त्याचं कारण हे हाय. बीटवर बडबड करणाऱ्याला ढिली चावी ऐकू येत नाही."

मला आबा घरीही फार बोललेले आठवत नाहीत. सवय लागली असणार.

जाताना एका रुळाकडं बघत जायचं, येताना दुसऱ्या. पाच किलोमीटर जाणं, पाच येणं. खांद्यावर हातोडा, पाना, दोन झेंड्या, फटाक्यांची डबी. सकाळी उजाडता निघायचं. बाकीची गँग एका जागी काम करते, चावीवाला एकटा.

घरी येऊन हिशेब केला. तेरा मीटरच्या एका रुळाला अठरा स्लीपर, असं बाबा म्हणाले. पाच किलोमीटरला सुमारे ३८५ रूळ, म्हणजे ६,९०० च्या वर स्लीपर, प्रत्येकाला दोन चाव्या: जवळजवळ चौदा हजार. त्यातल्या ढिल्या सात.

तळटीप: मी बीटवर एकदा चालून येऊ का असं विचारलं. बाबा एकदम मुकादम झाले. "लायनीवर पाय ठिवायचा नाही. गुन्हा हाय तो." खरंच आहे, रेल्वे कायद्याचं कलम १४७.

२३ फेब्रुवारी, रविवार

दादानं पेटीवर लावायला पाटीचा मजकूर पाठवला: 'आबांनी नोकरीत पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा घातल्या.' त्याचं गणित: रोज १० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, ३६ वर्षं.

मी दुरुस्ती पाठवली. चावीवाला फक्त १५ वर्षं; गँगमनला रोज दहा किलोमीटर चालावं लागत नाही. ४५,००० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,०००.

उत्तर आलं: "एकच????"

९ मार्च, रविवार

चालता येत नाही, तर गाडीतून. नगरहून मनमाडकडं जाणारी एक एक्सप्रेस पकडली, खिडकीची जागा मिळाली. आता वरून विजेची तार आहे, शेजारी दुसऱ्या लाइनचं काम जागोजाग चालू किंवा झालेलं. खाली सिमेंटचे स्लीपर. रूळ धरायला चावी नाही. वाकवलेल्या स्प्रिंगसारखी क्लिप असते. तरी त्या माणसाला अजून चावीवालाच म्हणतात, आणि त्याच्याजवळ जी.पी.एस. असतं, तो कुठवर चालला ते ऑफिसात दिसतं.

पूर्वीचं खट-खट, खट-खटही नाही. रूळ जोडून लांबच लांब केलेत, तेरा मीटरला सांधाच उरला नाही. वहीतलं 'सां. बंद' तिथलं: दोन रुळांमधे उन्हाळ्यात फुगायला जागा सोडलेली असायची, ती मे महिन्यात मिटली की आबा लिहायचे. मिटल्यावरही ऊन वाढत राहिलं तर रूळ बाजूला वाकतो.

४० चा दगड दिसला तेव्हा मोबाईलवर घड्याळ सुरू केलं. दोन्हीकडं ऊस, मधे कांदा, एक काळंभोर नांगरलेलं रान. ४५ चा दगड. ३ मिनिटं १० सेकंद.

४३/७ बघायचं होतं. वहीत पावसाळ्यात हा खांब इतक्या वेळा येतो की मला त्याची ओळख झाल्यासारखी वाटते. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर टाकलेली खडी खाली जाते आणि चिखल वर येतो. स्लीपर डुलायला लागले की चाव्या सुटतात. माझ्या तक्त्यात जुलै ते सप्टेंबर हे महिने म्हणूनच उंच आहेत. पण तीन मिनिटांत सातवा खांब कुठला कळणार? शेजारच्या बाईंनी विचारलं, "काही पडलं का खाली?"

२३ मार्च, रविवार

वही तिसरी. १९७४.

७ मे: "चा. ६. सां. बंद ५."

त्यानंतर काही नाही. आबांनी आजारपणात, आजीच्या बाळंतपणात, पणजोबा वारले त्या दिवशीही 'रजा' असं लिहिलंय. इथं तेवढंही नाही. वीस ओळी कोऱ्या सोडल्यात, मोजून वीस.

८ मे ते २७ मे १९७४. देशभरचा रेल्वे संप. जॉर्ज फर्नांडिस, बोनस, आठ तासांची ड्युटी. सुमारे सतरा लाख कामगार. शाळेच्या पुस्तकात हे नव्हतं, मला नोकरीला लागल्यावर युनियनच्या एका काकांकडून कळलेलं. आबा संपात होते हे मात्र घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

पुढची ओळ:

"२८-५-७४. चा. ६१. ४२/९ पर्यंत."

आणि तिच्याखाली:

"२९-५-७४. चा. ५८. पुढचं."

अख्ख्या वह्यांत एका दिवसाला १९ च्या वर चावी नाही. संपाच्या वीस दिवसांत गाड्या कमी धावल्या होत्या, तरीही ६१ आणि ५८. रोजचं बीट पुरं करायला दोन दिवस लागले. तक्त्यात हा आकडा टाकला तर बाकीचा आलेख सपाट होऊन जमिनीला टेकला. मी उभा अक्ष दोनदा बदलला, मग तसाच ठेवला.

३० मार्च, रविवार

पाडवा. आत्या आली होती. गुढी उतरवायच्या आधी तिला वीस कोऱ्या ओळी दाखवल्या.

"तेव्हा मी वीस वर्षांची. पोलिस क्वार्टरवर यायचे, कामावर चला नाहीतर क्वार्टर खाली करा. गँगमधले बाप्ये दिवसभर उसात. आई फडक्यात भाकरी बांधून द्यायची, मी शेळ्या घेऊन निघायचे म्हणजे कुणाला संशय नको. एकदा पाटाच्या कडेला बाबा बसलेले दिसले. लाइन तिथनं दिसायची. मला म्हणाले, बारकी, रूळ बघ कसा तापलाय. मी म्हटलं, लांबून काय कळतंय बाबा? तर म्हणाले, मला कळतंय."

मग तिनं पुरणपोळी वाढायला घेतली आणि विषय बदलला. मी मुकादमबाबांनाही फोन करून विचारलं. ते चोवीस वर्षांचे होते, त्याच उसात. म्हणाले, "२८ तारखेला त्याच्या मागं मी होतो. हातोड्याचा आवाज दुपारपोत्तर थांबला नाही." एवढं बोलून नातवाच्या परीक्षेची चौकशी.

६ एप्रिल, रविवार

हे लिहू का नको, असं दोन दिवस चाललंय. नोंदवही आहे, लिहायला हवं.

सगळ्या वह्या तक्त्यात आल्या. बेरजा बघत होते. चाव्या, बोल्ट, कॉटर, सांधे. शेवटचा रकाना 'माल': ११, शिवाय ती ७२ ची थांबलेली एक. तेरा वर्षांत अकरा मालगाड्या! या लाइनीवरून दिवसाला त्यापेक्षा जास्त जातात. हा आकडा दोन महिने माझ्यासमोर होता आणि मला खटकला नाही. क्वालिटीवाली म्हणे.

ओळी परत काढून बघितल्या. सगळ्या अशा:

"२२-८-७९. ४४/५ मा. १. चा. ९. चि. ४३/७."

मुकादमबाबांना वाचून दाखवली. पलीकडं टीव्ही चालू होता, तो कुणाला तरी बंद करायला लावला.

"थांबली लिवलंय तिथं मालगाडी. आकडा लिवलाय तिथं माणूस, लेकी."

सकाळी उजाडता लाइनीवर पहिला जाणारा चावीवाला. रात्री गाडीखाली कुणी आलं असेल, आणलं गेलं असेल, स्वतःहून आलं असेल, ते पहिलं दिसणार त्याला. स्टेशनात कळवायचं. पंचनामा होईपर्यंत कुत्री हाकत कुणीतरी बसायला लागायचं. "बाकीच्यांना ते जमायचं न्हाई. तुझा आबा बसायचा. एकदा म्या डबा नेऊन दिला, तर जेवला न्हाई, पाणी घेतलं फक्त. मंग पंचनामा झाला, उठला, आन् राहिलेलं बीट करायला गेला."

संध्याकाळी आत्याला फोन केला. नुसतं विचारलं, आबा कधी बाहेर आंघोळ करायचे का?

"क्वार्टरच्या मागं हौदावर. कधीकधी. आई गरम पाणी तिथंच नेऊन द्यायची आणि आम्हाला आत कोंडायची. मग दारात कडुलिंबाचा पाला चावून थुंकायचे आणि आत यायचे. मयताला गेलेले असायचे ना. मला लहानपणी वाटायचं, बाबांच्या ओळखीची माणसं किती मरतात."

तिला सांगितलं नाही. सांगावं का, ठरत नाही.

रकान्याचं नाव 'माल' होतं, ते पुसून 'मा.' केलं. आबांनी लिहिलं तसं.

१३ एप्रिल, रविवार

पेटीचं काम. सागवानी चौकट, पुढं चार मिलिमीटर काच, मागं प्लायवूड. सुतारानं आतली उंची दोन इंच कमी केली, हातोडा उभा बसेना. आडवा ठेवला तर भिंतीवर अडकवलेल्या तलवारीसारखा दिसतो. शेवटी तिरका: डोकं खाली, दांडा वर, खोबण बाहेरच्या बाजूला. चावी, फटाका, पासचा बटवा खालच्या फळीवर. वही उघडी ठेवायची. पानं पिवळी पडलीत म्हणून काचेच्या आत ऊन येणार नाही अशी भिंत निवडली.

कुठलं पान? दादाला ७२ चं हवं: रूळ तडा. मी म्हटलं ७४ चं. फोनवर पाऊण तास. त्याचं म्हणणं, पाहुण्यांना कळायला हवं. माझं म्हणणं, '६१' कळायला सोपं आहे. तो म्हणाला, ते तुला सोपं, तू आधीची पंधराशे पानं वाचलीस. बरोबर बोलला, पानांचा आकडा फुगवला तरी.

'मा.' बद्दल त्यालाही सांगितलं. ती पानं पेटीत नाहीत, स्कॅनच्या फाइलमध्ये राहतील. यावर मात्र त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही.

शेवटी तोडगा: वही ७४ च्या पानावर उघडी, आणि ७२ च्या ओळीचा मोठा फोटो शेजारी. पाटी साधी. नाव, 'चावीवाला', सालं. पृथ्वीप्रदक्षिणा रद्द.

३० एप्रिल, बुधवार

वास्तुशांत. पेटी सकाळी नऊला भिंतीवर चढली, गुरुजी यायच्या आधी दहा मिनिटं. ड्रिलचा धुरळा नैवेद्याच्या ताटावर गेला म्हणून काकूचे बोल खाल्ले.

दादानं पाहुण्यांना ७२ ची गोष्ट सांगितली. या वेळी मालगाडी होती, फटाके होते, १२०० मीटरही होते. फेटा मात्र परत आला. मी काही बोलले नाही. वहीच्या फोटोखाली उभा राहून सांगत होता, ज्याला वाचायचं तो वाचेल.

मुकादमबाबा मुलाच्या मोटारसायकलवर आले. जेवायच्या आधी पेटीसमोर उभे राहिले. चष्मा वर करून '६१' वाचलं, खाली '५८' वाचलं, मान हलवली. मग चौकटीच्या कोपऱ्यात, जिथं स्क्रू आहे, तिथं बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं आणि कान नेला.

"डाव्या अंगाचा ढिला हाय."

४ मे, रविवार

डाव्या बाजूचा रावळप्लग खरंच फिरत होता. विटेच्या सांध्यात गेला होता. भोक भरून दोन इंच वर नवीन पाडलं. आता घट्ट.

शिल्लक काम: पाचवी वही, पान ६० पासून स्कॅन. १९७६ ते ७८ ची वही अजून नाही. आत्या म्हणते तिच्या माळ्यावर लग्नातल्या भांड्यांच्या पेटीत आबांचं काहीतरी आहे, पण शिडी नाही. शिडी घेऊन पुढच्या रविवारी जायचं. जाताना तिला 'मा.' चं सांगायचं का, ते शिडी चढताना ठरवते.